गेटवरच्या रजिस्टरात काय लिहायचं? ठाणे-नवी मुंबईत व्याख्यानांना जाऊ पाहणाऱ्यांसाठी

चिपळूणहून नोकरीसाठी ठाण्यात आले, त्यानंतर दोन वर्षं मी कॉलेजच्या कुंपणावर लावलेले फ्लेक्स नुसते वाचत गेले. स्मृतिव्याख्यान, विषय, वक्ते, वेळ आणि खाली ठरलेली ओळ: 'प्रवेश विनामूल्य, सर्वांसाठी खुला'. त्या सर्वांमध्ये वागळे इस्टेटमधल्या कंपनीत हिशेब लिहिणारी मी धरलेली आहे की नाही, हे विचारायचं कुणाला ते कळत नव्हतं. मग सप्टेंबरातल्या एका शनिवारी ऑफिस लवकर सुटलं आणि मी ठरवून आत गेले. दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात साठ-सत्तर माणसं होती. आयोजक मॅडम दारात उभ्या राहून जिन्याकडे बघत होत्या, अजून कुणी येतंय का म्हणून. मला बघून त्यांनी विचारलंही नाही की तुम्ही कोण. 'या, या, पुढे बसा' म्हणाल्या.

व्याख्यान ठेवणाऱ्यांना बाहेरचा श्रोता मनापासून हवा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. फक्त आत कसं यायचं ते बाहेरच्याला कुणी सांगत नाही. घोडबंदर रोडला, ऐरोलीला, खारघरला नव्याने राहायला आलेले, शिक्षण मध्येच सुटलेले, नुकतेच निवृत्त झालेले असे कितीतरी जण त्या फ्लेक्ससमोरून रोज जातात. त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे. पदवी लागत नाही, ओळख लागत नाही, बहुतेक वेळा पैसेही लागत नाहीत.

पहिली पायरी: हंगाम ओळखा

कॉलेजांमध्ये व्याख्यानं वर्षभर सारखी होत नाहीत. आपल्याकडची बहुतेक कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि त्यांचं पहिलं सत्र जूनच्या सुमारास सुरू होऊन दिवाळीच्या आधी संपतं. गणपती उठले की नवरात्रापर्यंतचे आठवडे सगळ्यांत भरगच्च. तेव्हा अभ्यासक्रम बराचसा शिकवून झालेला असतो आणि परीक्षा अजून डोक्यावर आलेली नसते. पितृपक्षात लोक खरेदी पुढे ढकलतात, व्याख्यानं मात्र थांबत नाहीत. ऑक्टोबरात बऱ्याच ठिकाणी परीक्षा लागतात, मग दिवाळीची सुट्टी आणि आवार ओस पडतं. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात दुसरा बहर येतो.

म्हणजे आपल्या शरदात व्याख्यानांचे दोन हंगाम आणि मध्ये एक खंड. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात चौकशीला जाऊन कुलूप बघून परत आलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांची 'इथे काही होतच नाही' अशी समजूत होते.

काही तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण त्यांच्या आगेमागे कार्यक्रम ठेवायची कॉलेजांची पद्धत आहे. २२ सप्टेंबर ही कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती. वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचं आहे आणि रयतच्या शाखांमध्ये हा दिवस घरच्या कार्यासारखा असतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आता ३ ते ९ ऑक्टोबर हा अभिजात मराठी भाषा सप्ताह. जिथे मराठी विभाग जागता आहे तिथे या आठवड्यात शिलालेख, बोलीभाषा, कोशवाङ्मय अशा विषयांवर ऐकायला मिळू शकतं. त्याच सुमारास ४ ते १० ऑक्टोबर जागतिक अंतराळ सप्ताह असतो. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडाला, त्याची ही आठवण. नोबेल पुरस्कारही त्याच दिवसांत जाहीर होतात, सोमवारी वैद्यकशास्त्र, मंगळवारी भौतिकशास्त्र, बुधवारी रसायनशास्त्र. विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांकडे तेव्हा सांगण्यासारखं ताजं काही असतं, आणि 'यंदाचं नोबेल कशासाठी?' या विषयावरचं बोलणं नवख्यालाही झेपतं, कारण विषय वक्त्यालाही नवाच असतो आणि तो मुळापासून सांगतो. १५ ऑक्टोबर, डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी ग्रंथालयात डोकवावं. २६ नोव्हेंबर संविधान दिन, तेव्हा विधी महाविद्यालयांकडे लक्ष ठेवा.

माझा सगळ्यांत आवडता आठवडा ५ ते १२ नोव्हेंबर, पक्षी सप्ताह. सुरुवातीला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, शेवटी सलीम अलींचा. ठाण्यात राहणाऱ्याला या आठवड्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको, कारण खाडी दाराशी आहे. ठाणे खाडीचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. पण हा आठवडा कधीकधी नेमका दिवाळीच्या सुट्टीत सापडतो. तसं झालं तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राकडे चौकशी करा.

दुसरी पायरी: पत्रिका वाचायला शिका

कॉलेजच्या पत्रिकेवर पाच-सहा शब्द असे असतात की ते कळले की कुठे जायचं आणि कुठे नाही हे आपोआप ठरतं.

'अतिथी व्याख्यान' म्हणजे बहुधा वर्गासाठी बोलावलेला पाहुणा. विषय आवडला तर विभागात फोन करून विचारा, बसू देतात, पण न विचारता जाऊ नका. 'स्मृतिव्याख्यान' मात्र बहुतेक वेळा सर्वांसाठी असतं. ज्यांच्या नावे ते होतं त्यांच्या घरचे लोक, जुने विद्यार्थी, शेजारी असे सगळे येतात, त्यामुळे सभागृहात बाहेरचा माणूस वेगळा दिसत नाही. पहिल्यांदा जाणार असाल तर यापासूनच सुरुवात करा. 'व्याख्यानमाला' असेल तर पत्रिकेवर 'पुष्प पहिले', 'पुष्प दुसरे' असं लिहिलेलं दिसेल. माला म्हटल्यावर एकेक व्याख्यान म्हणजे एक फूल, आणि वक्ता ते गुंफतो. मालेत एकच पुष्प ऐकायचं असेल तर मधलं निवडा. पहिल्या दिवशी उद्घाटनात वेळ जातो, शेवटच्या दिवशी समारोपात.

'राष्ट्रीय चर्चासत्र', 'परिसंवाद', 'आंतरविद्याशाखीय परिषद' असं काही असेल तर नोंदणी शुल्क आणि जेवण आलं. ते संशोधकांसाठी असतं. त्यातलं 'बीजभाषण', म्हणजे सुरुवातीचं मुख्य भाषण, तेवढं ऐकता येईल का, असं मी आयोजकांना सरळ विचारते आणि आजवर क्वचितच नकार मिळाला आहे. दिवसभराच्या शोधनिबंधवाचनाला बसायचा हट्ट नको. 'कार्यशाळा' म्हणजे मोजकी माणसं, आधी नाव नोंदवायचं. 'महोत्सव' किंवा 'फेस्ट' बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांचा असतो, तिथे कॉलेजचं ओळखपत्र मागतात आणि ते योग्यच आहे.

पत्रिकेवरची वेळही वाचता यावी लागते. 'सकाळी १०.३० उद्घाटन, ११.१५ बीजभाषण' असं असेल तर दुसरी वेळ धरा. एकच वेळ दिली असेल तर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ यांत अर्धा तास जातो असं समजा. तरीही मी वेळेवर जाते, आणि तुम्हीही जावं असं मला वाटतं. प्रास्ताविकात विषय का निवडला ते सांगतात आणि परिचयात वक्त्याने आयुष्यभर काय केलं ते कळतं. ते ऐकलेलं असलं की पुढचं बोलणं वेगळं ऐकू येतं.

पत्रिका मिळवायच्या कुठून? कॉलेजची समाजमाध्यमांवरची पानं असतात, पण ती आठवडा उलटल्यावर फोटो टाकतात, आधी सूचना देतीलच असं नाही. खरी बातमी गेटच्या आतल्या काचेच्या फलकावर असते. महिन्यातून एकदा तिथे जाऊन उभं राहावं. वर्तमानपत्राच्या ठाणे पुरवणीतला 'आजचे कार्यक्रम' हा बारीक टायपातला कोपराही चुकवू नका.

तिसरी पायरी: कुठे जायचं

विद्यापीठ म्हटलं की डोळ्यांसमोर फोर्टातला राजाबाई टॉवर किंवा कलिना येतं. ठाणेकराला तिथे जायची गरज नाही. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचं ठाण्यातलं उपपरिसर बाळकुमला आहे. चेंदणी बंदर रस्त्यावर, अगदी खाडीच्या कडेला विद्या प्रसारक मंडळाचं ज्ञानद्वीप संकुल आहे. मंडळ १९३५ सालचं. विज्ञान, कला-वाणिज्य, विधी, तंत्रनिकेतन, व्यवस्थापन असं सगळं एकाच आवारात असल्यामुळे एका फेरीत चार फलक वाचून होतात. नव्या माणसाने ठाण्यात पहिली फेरी इथेच मारावी.

नवी मुंबईत चित्र वेगळं आहे. वाशी, नेरुळ, बेलापूर, खारघर, पनवेल असा प्रत्येक नोडमध्ये शिक्षणसंस्थांचा गठ्ठा आहे. संलग्न कॉलेजं आहेत, तशी नेरुळच्या डी. वाय. पाटीलसारखी अभिमत विद्यापीठंही आहेत. अशा मोठ्या खासगी आवारांत सुरक्षा कडक असते आणि आयत्या वेळी आत सोडत नाहीत, म्हणून तिथे ऑनलाइन नोंदणी आधी करा आणि आलेला मेल फोनमध्ये उघडून ठेवा.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा: बहिःशाल. मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल शिक्षण विभाग आहे. शाळेच्या भिंतीबाहेर जे आहेत त्यांच्यासाठी, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ. विद्यापीठाची व्याख्यानं केंद्राकेंद्रांतून लोकांपर्यंत न्यायची, हे त्याचं काम. कुठल्याही कॉलेजात किंवा ग्रंथालयात 'तुमच्याकडे बहिःशालची व्याख्यानं होतात का?' असं विचारलंत, तर समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या आपुलकीने बोलू लागतो. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातही विचारा. १८९३ पासूनची ही संस्था आवाराबाहेरची असली, तरी शहरात कुठे काय चाललंय याची खबर तिथे लागते.

चौथी पायरी: पोचणं

यावर फार लिहीत नाही, पण ज्यांनी मला फोन करून 'आम्ही चुकलो' म्हणून सांगितलं ते सगळे तीनच जागी चुकले.

पहिली जागा तुर्भे. ठाण्याहून नवी मुंबईला जाणारी ट्रान्सहार्बर गाडी फलाट ९ किंवा १० वरून सुटते. तुर्भ्यानंतर मार्ग फुटतो, एक फाटा सानपाड्यावरून वाशीला, दुसरा जुईनगरवरून नेरुळ-पनवेलकडे. इंडिकेटर बघूनच चढा. दुसरी जागा रविवार. मेगाब्लॉक ट्रान्सहार्बरलाही असतो, शनिवारी संध्याकाळी वेळापत्रक तपासा. तिसरी जागा रिक्षा. नवी मुंबईत कॉलेजचं नाव सांगून भागत नाही, सेक्टर नंबर सांगावा लागतो. पत्रिकेवर तो नसेल तर फोन करून विचारून घ्या. खारघर-तळोज्याकडे जायचं असेल तर नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो आहे, तिचा उपयोग होतो.

नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीमुळे ठाणे स्टेशनच्या आसपासची वाहतूक वळवलेली असते, तेव्हा स्टेशनहून खाडीकडे चालत निघणं बरं. आणि नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामना असेल त्या दिवशी त्या भागातलं व्याख्यान सोडून द्या. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी तिथे विश्वचषक जिंकला. तसा दिवस असेल तर मीही व्याख्यानाला जाणार नाही.

पाऊस मुंबईतून सरासरी ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो, पण त्या आधी आणि नंतर संध्याकाळी गडगडाटासह सर येतेच. छत्री असू द्या. बाहेर ऑक्टोबरची काहिली आणि आत एसी, म्हणून ओढणी किंवा पातळ शालही.

पाचवी पायरी: गेट

सगळ्यांत जास्त माणसं इथून परत फिरतात, म्हणून इथे जरा थांबते.

गेटवर टेबल असतं, टेबलावर लांबोडकं रजिस्टर. दोरीला बांधलेलं पेन. रकाने असे: अनुक्रमांक, नाव, कुठून आलात, मोबाइल, कोणाला भेटायचे, आत जाण्याची वेळ, बाहेर पडण्याची वेळ, सही. पहिले चार आपण भराभर भरतो आणि 'कोणाला भेटायचे' पाशी पेन थांबतं. आपल्याला कुणालाच भेटायचं नसतं. सुरक्षारक्षक बघत असतो, मागे रांग असते. अशा वेळी माणूस 'राहू दे, नंतर येतो' म्हणतो आणि निघून जातो. मी स्वतः एकदा अशी निघून आले आहे.

तिथे लिहायचं ते असं: 'व्याख्यान, मराठी विभाग'. किंवा जो विभाग असेल तो. एवढंच. माणसाचं नाव लागत नाही. विभागाचं नाव लिहिलं की रक्षकाला कुठे पाठवायचं ते कळतं. पत्रिकेचा फोटो मोबाइलमध्ये उघडून दाखवा, त्यावरची 'सर्वांसाठी खुला' ही ओळ त्यालाही वाचता येते. ओळखपत्र मागितलं तर दाखवायला आधार किंवा ऑफिसचं कार्ड जवळ ठेवा. 'काका, सभागृह कुठल्या इमारतीत?' एवढं विचारलंत तर ते बऱ्याचदा स्वतः उठून दिशा दाखवतात. त्यांच्याशी नीट बोला. पुढच्या वेळी तेच तुम्हाला ओळखतात आणि न विचारता रजिस्टर पुढे सरकवतात.

ऑनलाइन फॉर्मचंही असंच. 'संस्थेचे नाव' आणि 'पद' हे दोन रकाने भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. तिथे 'नागरिक' आणि 'श्रोता' असं लिहा. मी हेच लिहीत आले आहे आणि फॉर्म कधीही परत आलेला नाही. 'ई-प्रमाणपत्र हवे का' याला तुम्हाला गरज नसेल तर 'नको' म्हणा.

आणि एखाद्या ठिकाणी खरंच गेटवरूनच परत फिरावं लागलं तर? माझ्या बाबतीत नवी मुंबईतल्या एका संस्थेत असं झालं. दीड तास प्रवास करून गेले होते, आणि कार्यक्रम आदल्या दिवशी रद्द झाल्याचं गेटवर कळलं. फलकावरची पत्रिका तशीच होती. वाईट वाटलं, पण त्यातून एक सवय लागली. निघायच्या आधी सकाळी संस्थेला फोन करून 'आजचा कार्यक्रम नक्की आहे ना?' एवढं विचारायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

सहावी पायरी: जाण्याआधी दोन पानं

विषयाची काहीच कल्पना नसेल तर आदल्या रात्री दोन पानं वाचून जा. जास्त नको. पृथ्वीच्या चुंबकत्वावरच्या एका व्याख्यानाला जाण्याआधी मी एवढंच वाचलं होतं, की कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला का नेली. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार होत्या आणि विजेच्या तारांमुळे नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून १९०४ पासून अलिबागला काम सुरू झालं. आज ते काम बघणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आपल्या नवीन पनवेललाच आहे. व्याख्यानात पडद्यावर एक थरथरती रेघ आली तेव्हा ती मला नुसती रेघ दिसली नाही. ज्या नोंदीसाठी शंभर वर्षांपूर्वी आख्खी वेधशाळा समुद्रापलीकडे गेली, ती हीच, हे मला दिसलं. एवढ्याने पुढचा तास माझा झाला.

बसायचं तिसऱ्या-चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. पहिली रांग पाहुण्यांची. अगदी मागे विद्यार्थी बसतात आणि त्यांची कुजबुज चालू असते. हजेरीसाठी आणून बसवलेली मुलं असतात, त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्यातलीच दोघं-तिघं दहाव्या मिनिटाला मान वर करून ऐकू लागतात. मला ते बघायला आवडतं.

फोन बंद. वहीत सगळं उतरवून घेऊ नका, फक्त न कळलेले शब्द आणि वक्त्याने नाव घेतलेली पुस्तकं लिहा. व्याख्यान इंग्रजीत असेल तर पहिली दहा मिनिटं जड जातात, मग कान बसतो.

सातवी पायरी: प्रश्न विचारणं

व्याख्यान संपल्यावर सूत्रसंचालक म्हणतात, 'कुणाला काही प्रश्न असतील तर...' आणि सभागृह गप्प होतं. पहिले एक-दोन प्रश्न बऱ्याचदा आधी सांगून ठेवलेल्या विद्यार्थ्यांचे असतात. त्यानंतरची शांतता तुमची आहे. ती फार वेळ टिकत नाही, 'वेळेअभावी आपण इथेच थांबूया' हे वाक्य तयार असतं. म्हणून हात लवकर वर करा.

माइक हातात आला की नाव सांगा, कुठून आलात ते सांगा आणि एकच प्रश्न विचारा. आपलं मत सांगायचं असेल तर ते चहाला सांगा. इंग्रजी व्याख्यानात मराठीत प्रश्न विचारायला अजिबात कचरू नका. वक्त्याला मराठी येत नसेल तर व्यासपीठावरचं कुणीतरी सांगतंच. प्रश्न 'सर' किंवा 'मॅडम' म्हणून सुरू करायचा, एवढी एकच औपचारिकता.

काही वर्षांपूर्वी खाडीवरच्या एका व्याख्यानात माझ्या शेजारी चेंदणी कोळीवाड्यातल्या एक मावशी बसल्या होत्या. नातवाच्या कॉलेजात काय असतं ते बघायला आल्या होत्या. वक्त्यांनी तासभर आकडे, नकाशे, उपग्रहाची चित्रं दाखवली. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मावशींनी माझा हात दाबला आणि विचारलं, 'मी विचारू का गं?' माइक त्यांच्याकडे आला तो त्यांनी नीट धरला नाही, पण आवाज खणखणीत होता. 'आमच्या लहानपणी भरती ओसरली की चिखलात पायाशी निवट्या उड्या मारायच्या. टोपलीभर मिळायच्या. आता तेवढ्या का नाही दिसत?'

निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारे छोटे मासे. वक्ते खुर्चीवरून उठले. खाडीत साचत गेलेला गाळ, चिखलाच्या मोकळ्या पट्ट्यांवर पसरलेली खारफुटी, शहरातून येणारं सांडपाणी, असं एकेक करून ते पंधरा मिनिटं बोलले, आणि ती पंधरा मिनिटं आधीच्या तासापेक्षा चांगली होती. खारफुटी वाढली म्हणजे सगळं चांगलंच झालं असं आपण धरून चालतो. चिखलाचा पट्टाही कुणाचं तरी घर असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग त्यांनीच मावशींना उलट विचारलं, निवट्या कुठल्या बाजूला जास्त मिळायच्या, कोणत्या महिन्यात, तुमच्या घरातलं कुणी अजून होडी घालतं का. आणि मावशी सांगत होत्या ते त्यांनी खिशातला कागद काढून लिहून घेतलं.

म्हणून 'आपल्याला काय कळतं' असं म्हणून प्रश्न गिळू नका. प्राध्यापकांकडे अभ्यास असतो. तुम्ही ज्या चाळीत, ज्या कारखान्यात, ज्या बाजारात आयुष्य काढलं ते त्यांच्याकडे नसतं.

आठवी पायरी: चहा

आभारप्रदर्शन झालं की लोक दाराकडे धावतात. तुम्ही थांबा. बाहेर स्टीलच्या भांड्यातला चहा आणि बिस्किटं असतात, आणि वक्ता पाच मिनिटं हातात कागदी कप घेऊन एकटा उभा असतो, कारण आयोजक मानधनाच्या पाकिटाच्या आणि गाडीच्या गडबडीत असतात. हीच वेळ. 'सर, तुम्ही अमुक म्हणालात ते मला नीट कळलं नाही', असं म्हणून सुरुवात करा. कोणतं पुस्तक वाचू, हे विचारा. बहुतेक जण मनापासून सांगतात. सेल्फीची घाई करू नका, आधी बोला.

चहा फक्त निमंत्रितांसाठी असेल तर तसं दिसतंच, तेव्हा बाजूला थांबून दोन शब्द बोलून निघा.

निघण्याआधी दोन कामं. एक, आयोजक विभागातल्या कुणालातरी सांगा, 'मी बाहेरून आले होते, पुढचे कार्यक्रम कळवाल का?' ते नंबर घेतात आणि व्हॉट्सॲपच्या यादीत टाकतात. एका हंगामात अशा तीन-चार याद्यांत नाव गेलं की फलक शोधत फिरावं लागत नाही. दोन, गेटवर 'बाहेर पडण्याची वेळ' या रकान्यात वेळ लिहायला विसरू नका, नाहीतर रात्री रक्षकाला तुम्ही आतच आहात असं वाटतं आणि त्याला इमारत तपासत फिरावं लागतं.

पहिल्या वर्षी सगळीकडे पळू नका. मी तसं केलं आणि डिसेंबरात मला एकही व्याख्यान धड आठवत नव्हतं. एक विषय धरा, खाडी, संविधान, आकाश, जुनी मराठी, जो मनाला भिडेल तो. सप्टेंबर ते नोव्हेंबर त्याच विषयावरची तीन-चार व्याख्यानं वेगवेगळ्या आवारांत ऐका. दुसऱ्या वक्त्याचं म्हणणं पहिल्याशी जुळत नाही असं लक्षात येईल, आणि तिसऱ्याला काय विचारायचं ते तुम्हाला आधीच माहीत असेल.

यंदा उशीर झाला असेल तर नोव्हेंबरचा तिसरा आठवडा गाठा. दिवाळीची सुट्टी संपवून मुलं परतलेली असतात, काचेच्या फलकावरच्या जुन्या पत्रिका निघून नव्या लागत असतात, आणि संविधान दिनाचं व्याख्यान तोंडावर असतं. त्या आठवड्यात एका संध्याकाळी ऑफिसमधून परस्पर गेटवर जा, रजिस्टरात 'चौकशी, व्याख्यानाबद्दल' असं लिहा आणि फलकावर जे आहे त्याचे फोटो काढून आणा.